परळच्या विल्सबाई

घरातली लेक किंवा सून गोड बातमी घेऊन डॉक्टरांकडून येते, तेव्हा तिच्या हातातल्या चिठ्ठीवर एक गोळी हमखास लिहिलेली असते. फोलिक अ‍ॅसिडची. अगदी स्वस्त, इवलीशी गोळी. तिच्या कुळाचा शोध घेत मागे गेले, की आपण थेट परळला, हाफकिन संस्थेच्या आवारात येऊन पोहोचतो. तिथे आपल्याला भेटतात डॉ. ल्यूसी विल्स.

विल्सबाईंचा जन्म १० मे १८८८ चा, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळचा. केंब्रिजला न्यूनहॅम कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या. १९११ मध्ये परीक्षा पार पडली, पण केंब्रिज तेव्हा बायकांना पदवी देत नसे. त्याच वर्षी वडील गेले आणि दोन वर्षांनी थोरली बहीण. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या; केपटाउनला त्यांनी काही काळ परिचारिकेचे काम केले. तिथून परतल्यावर लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले आणि १९२० मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्या डॉक्टर झाल्या. दवाखाना थाटण्यापेक्षा प्रयोगशाळा त्यांना अधिक मानवली.

१९२८ साली त्या मुंबईला आल्या. बाळंतपणात बायका इतक्या का दगावतात, याची चौकशी हाफकिनमध्ये चालू होती. कापडगिरण्यांच्या वस्तीतल्या गर्भार बायकांना एक भयंकर पंडुरोग होत असे. रक्तातल्या तांबड्या पेशी कमी होत आणि उरलेल्या आकाराने मोठ्या होत. बाई पांढरीफटक पडे, धाप लागे, आणि पुष्कळदा आई आणि मूल दोन्ही हातची जात. विल्सबाईंनी आधी जंतूंचा माग काढला. तो लागला नाही, तेव्हा त्यांनी बायकांच्या ताटाकडे पाहिले. डॉ. तळपदे आणि डॉ. मेहता या सहकाऱ्यांची त्यांना साथ होती. कोण काय खाते, किती खाते, याची पाहणी झाली. खात्यापित्या घरातल्या बायकांत हा रोग क्वचितच दिसे. गरिबांच्या ताटात भाजीपाला, फळे, दूध यांचा ठणठणाट होता.

मग तसेच निकस अन्न उंदरांना घालून पाहिले. पण उंदरांना उवांमुळे रोग जडला आणि निष्कर्षच संशयास्पद ठरले. बाईंनी माकडांवर नव्याने प्रयोग मांडला. त्यातल्या एका मरणपंथाला लागलेल्या माकडाला त्यांनी मार्माइट दिले. मार्माइट म्हणजे यीस्टचा काळा, खारट अर्क, जो इंग्रज लोक पावाला लावून खातात. माकड सावरले. मग तोच अर्क गर्भार बायकांना दिला, आणि त्याही उठून बसल्या. पंडुरोगावर तेव्हा गाजत असलेला यकृताचा शुद्ध अर्क इथे चालत नव्हता. म्हणजे यीस्टमध्ये काहीतरी वेगळेच होते. १९३१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि त्या अनामिक पदार्थाला विल्स घटक असे नाव पडले. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे काढले गेले. पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक अ‍ॅसिड म्हणू लागले.

बँकेच्या नोकरीत माझी काही वर्षे परळच्या शाखेत गेली. पगार झाला की गिरणगावातल्या बायका पैसे भरायला यायच्या. बोलता बोलता कळे, की सगळ्यांची पाने उचलल्यावर भांड्याच्या तळाशी उरेल ते त्यांचे. विल्सबाईंच्या पाहणीला तेव्हा पन्नास वर्षे उलटून गेली होती.

बाई १९३७ मध्ये पुन्हा हाफकिनमध्ये आल्या, या वेळी समुद्रावर उतरणाऱ्या विमानाने. १९४७ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातून निवृत्त झाल्यावरही जमैका, फिजी इथे त्यांनी आहार आणि पंडुरोगाचाच अभ्यास केला. लग्न केले नाही. डोंगर चढायची आवड होती. अखेरच्या वर्षांत मजूर पक्षातर्फे चेल्सीच्या नगरसेविकाही झाल्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या घटकाची खरी थोरवी नंतर कळली. व्यंग असलेल्या बाळांच्या आयांमध्ये फोलिक अ‍ॅसिडचा तुटवडा दिसतो, असे १९६५ मध्ये हिबर्ड आणि स्मिथेल्स या डॉक्टरांनी मांडले. पक्का पुरावा १९९१ मध्ये आला. आधीचे मूल मेंदूच्या किंवा मणक्याच्या जन्मजात दोषाचे झालेल्या स्त्रियांवर सात देशांतल्या ३३ केंद्रांत चाचणी झाली. असा दोष २७ गर्भांत आढळला. त्यातले ६ फोलिक अ‍ॅसिड घेणाऱ्या स्त्रियांचे होते आणि २१ न घेणाऱ्यांचे. धोका ७२ टक्क्यांनी घटला होता. इतका स्पष्ट फरक दिसल्यावर कोणाला गोळीविना ठेवणे अन्यायाचे झाले असते, म्हणून चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली.

माझी दोन्ही बाळंतपणे त्याआधीची. लोहाच्या गोळ्या मिळाल्या, पण दिवस राहण्याआधी काही घ्यायचे असते, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. आणि सगळी मेख तिथेच आहे. ज्या नळीपासून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू घडतात, ती गर्भ राहिल्यापासून सुमारे २८ दिवसांत मिटते. नीट मिटली नाही, तर मूल दुभंगल्या मणक्याचे जन्मते किंवा जगतच नाही. पाळी चुकल्याचे लक्षात येऊन डॉक्टर गाठेपर्यंत ते दिवस बहुधा निघून गेलेले असतात. खात्यात शिल्लक आधी लागते, चेक मागाहून फाडायचा, तसेच हे.

म्हणून मूल हवे असे ठरले, की तेव्हापासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड घ्यावे आणि पहिले तीन महिने चालू ठेवावे, असे आज डॉक्टर सांगतात. आधीच्या बाळाला असा दोष असेल तर मात्रा बरीच जास्त लागते. ती डॉक्टरांनीच ठरवायची. पालक, मेथी, मूग, हरभरा, शेंगदाणे ताटात असावेतच, आणि पालेभाजी फार शिजवून तिचे पाणी ओतून देऊ नये. गोळीने सगळीच व्यंगे टळतात असे नाही, पण टळण्यासारखी पुष्कळ टळतात.

तेव्हा आपल्या घरात नवे लग्न झाले असेल, तर गोड बातमीची वाट पाहत बसू नका. सुनेशी, लेकीशी आजच बोला. आणि तिचे पान सगळ्यांबरोबरच वाढा.