डोहापाशी थांबलेला प्राध्यापक

पावसाळा लागला की करकंबच्या पोरापोरींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय असतो. या रविवारी कुठं जायचं? आपल्याकडं आभाळ नुसतं भरून येतं आणि पुढं निघून जातं. तिकडं सह्याद्रीत मात्र ठोसेघर, वजराई जोरात कोसळत असतात. मग गाडी ठरते, पहाटे निघायचं, पाण्यात मनसोक्त भिजायचं, रील टाकायचं आणि रात्री घरी. तुम्हीही गेला असालच. पुढच्या ट्रेकला निघण्याआधी एका माणसाची ओळख करून घ्या. हा माणूस शंभराहून जास्त वर्षांपूर्वी याच डोंगरांतल्या दऱ्याखोऱ्यांत हिंडला. मात्र तो गेला धबधबे आटल्यावर, भर उन्हाळ्यात. आणि एका डोहात त्याला असं काही सापडलं की जगभरच्या शास्त्रज्ञांना त्याची दखल घ्यावी लागली.

नाव सारखं, माणूस वेगळा

त्यांचं नाव शंकर पुरुषोत्तम आघारकर. शाळेत शिकलेले ‘सुधारक’कार गोपाळ गणेश आगरकर ते हे नव्हेत. गंमत म्हणजे पुण्यात यांच्या नावाची संशोधन संस्था आहे ती त्या आगरकरांच्या नावाच्या रस्त्यावर. त्यामुळं घोळ आणखीच वाढतो.

आघारकरांचा जन्म 18 नोव्हेंबर 1884 चा, मालवणचा. शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात झालं आणि पुढं तिथंच ते जीवशास्त्र शिकवू लागले. सुट्टी मिळाली की पश्चिम घाटात पायी भटकायचं, झाडं आणि जीवजंतू गोळा करायचे, हा त्यांचा उद्योग. ही हौस नोकरीच्या कामात मोडत नव्हती. पण त्यातूनच पुढचं सगळं घडलं.

डोहात समुद्राचा पाहुणा

1911 च्या सुमारास साताऱ्याच्या डोंगराळ भागात नदीच्या डोहात त्यांना इवलेसे, पारदर्शक, छत्रीसारखे जीव पोहताना दिसले. जेलीफिश! जेलीफिश म्हटलं की आपल्याला समुद्रच आठवतो. गोड्या पाण्यातले जेलीफिश आधीच मोजके. त्यातही ही जात ज्या कुळातली होती, ते कूळ तोवर फक्त आफ्रिकेतून माहीत होतं.

याचं महत्त्व कळायला थोडी मागची गोष्ट सांगावी लागेल. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात असा जेलीफिश सापडला, तेव्हा हे सरोवर पूर्वी समुद्राला जोडलेलं असणार, असा तर्क काही अभ्यासकांनी मांडला होता. त्यावर बराच वाद झाला. आणि आता तेच कूळ थेट सह्याद्रीतल्या नदीत! कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधले नेल्सन ॲनंडेल यांनी या जातीचं वर्णन करून तिला नाव दिलं ‘लिम्नोक्निडा इंडिका’.

पुढं 1912 च्या एप्रिल-मेमध्ये त्याच म्युझियमचे ग्रेव्हली या भागात आले. वेण्णा नदीवरचं मेढा, कोयना खोऱ्यातलं तळोशी आणि हेळवाक अशा ठिकाणी त्यांनी पाहणी केली. या जेलीफिशच्या सवयी आणि प्रसार यांवर ग्रेव्हली आणि आघारकर यांनी मिळून लिहिलं. नदीची धार तुटली, खडकांमधल्या डोहांत पाणी तेवढं उरलं, की हे जीव दिसतात. पावसाचा लोंढा आला की दिसेनासे होतात. गोड्या पाण्यातल्या जेलीफिशचं एक दुसरंही रूप असतं. ते अगदी बारीक असतं आणि तळाच्या दगडाला चिकटून राहतं. सहज पाहिलं तर दिसतही नाही. म्हणजे जुलैत ज्या डोहात तुम्ही उडी मारता, त्याची खरी गंमत कदाचित एप्रिलमध्ये असते. आणि एप्रिलमध्ये तिथं कुणी जात नाही.

युद्धात अडकलेला विद्यार्थी

या कामानंतर आघारकरांची कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. पुढच्या अभ्यासासाठी ते जर्मनीला गेले आणि 1914 मध्ये महायुद्ध पेटलं. ब्रिटिश राजवटीतले म्हणून जर्मनांनी त्यांना नजरकैदेत टाकलं. करिअर नुकतं मार्गी लागलेलं आणि सगळं ठप्प! तरी ते डॉक्टरेट पुरी करूनच परतले. ती त्यांना 1919 मध्ये बर्लिनला मिळाली.

त्यांचा विषय काय होता माहितीय? घनदाट जंगलाची सवय असलेला हा कोकणी माणूस वायव्य भारतातल्या कोरड्या आणि खाऱ्या जमिनीतल्या वनस्पतींवर काम करत होता. त्या कुठून आल्या आणि त्यांचं बी एका जागेवरून दुसरीकडं कसं पोचतं, हा त्यांचा प्रश्न. करकंबच्या माळावर वाढलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पॅन्टला टोचणारं कुसळ, चपलेत घुसणारा सराटा, वाऱ्यावर उडणारी रुईची म्हातारी, ही सगळी बी पसरवायचीच तर सोय आहे.

बियाण्याच्या पिशवीवरची चार अक्षरं

कलकत्त्यात मोठी नोकरी करून ते 1946 मध्ये निवृत्त झाले. तेव्हा वय बासष्टच्या घरात. आराम करायचं सोडून पुण्यात येऊन त्यांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी करायला घेतली. हाताशी पैसा कमी, जागाही स्वतःची नाही. 1960 मध्ये निधन होईपर्यंत ते संस्थेचे संचालक होते. 1992 मध्ये संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं.

तुमच्या घरी सोयाबीन किंवा गहू करत असतील तर बियाण्याच्या पिशवीवर ‘एमएसीएस’ ही अक्षरं तुम्ही पाहिली असतील. सोयाबीनचं एमएसीएस 1188, गव्हाचं एमएसीएस 6222. ही चार अक्षरं म्हणजे याच संस्थेचं इंग्रजी नाव. द्राक्षाचा एआरआय 516 हा वाणही तिथलाच. डोहातले जेलीफिश पाहणाऱ्या माणसाची संस्था आज आपल्या शिवारापर्यंत पोचली आहे, ती अशी.

जाताना एवढं करा

कोयनेच्या त्या खोऱ्याचा मोठा भाग धरण झाल्यावर शिवसागर जलाशयाखाली गेला. आघारकरांनी पाहिलेलं खोरं आता तसंच्या तसं बघायला मिळणार नाही. उरलेल्या जंगलातल्या काही भागाला अभयारण्याचं संरक्षण आहे. वासोट्याला जायचं तर बामणोलीहून बोट घ्यावी लागते, वनखात्याची परवानगीही लागते, आणि पावसाळ्यात हा ट्रेक बंद असतो.

पण जिथं जाता येतं तिथले डोह तरी सांभाळू या. तिथं साबण लावून आंघोळ करू नका, शाम्पूच्या पुड्या टाकू नका. तुम्हाला जे पाणी नुसतं स्वच्छ आणि रिकामं वाटतं, त्याच्या तळाच्या दगडावर कुणाचं तरी घर असू शकतं. फोटो काढून झाले की दहा मिनिटं काठावर गप्प बसून पाण्यात बघा. काही दिसेलच असं नाही. आघारकरांनाही पहिल्याच डोहात दिसलं असेल असं थोडंच आहे?

आणि गाडीचा खर्च परवडत नसेल, घरून परवानगी मिळत नसेल, तरी बिघडत नाही. पाऊस सरला की गावाबाहेरच्या माळावर एक चक्कर मारा. परत आल्यावर पॅन्टला चिकटलेली कुसळं फेकून देण्याआधी एक हातात घ्या, त्याला थोडं पाणी लावा आणि ते कसं फिरतं ते बघा.