लाजेपायी जखम लपवताय? मग डॉ. खानोलकर माहिती हवेत

गावाकडचा माणूस लिंगावर आलेली जखम बायकोलाही सांगत नाही. मेडिकलमधून मलम आणतो आणि महिने काढतो. शेवटी डॉक्टर तुकडा काढून तपासायला सांगतात, तर हा घाबरून घरी परततो.

हा तुकडा वाचणारी विद्या म्हणजे पॅथॉलॉजी. भारतात तिचे जनक मानले जातात डॉ. वसंत रामजी खानोलकर.

जन्म १३ एप्रिल १८९५ चा. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठातून पॅथॉलॉजीत एमडी केलं आणि मुंबईत येऊन मेडिकल कॉलेजात शिकवलं. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल सुरू झालं, तिथल्या प्रयोगशाळा त्यांनी सांभाळल्या.

तुकडे तपासताना रुग्ण जगतो कसा, हेही ते बघायचे. कमरेला घट्ट धोतर बांधणारे, खैनी ओठात धरणारे, चुट्टा उलटा ओढणारे. या सवयींचा कॅन्सरशी संबंध त्यांनी १९४५ च्या शोधनिबंधात मांडला. १९५२ मध्ये ते भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले. पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले, पद्मभूषण मिळालं. १९७८ मध्ये त्यांचं निधन झालं.

लिंगाच्या कॅन्सरमागेही अशीच रोजच्या जगण्यातली कारणं असतात. पुढची कातडी मागे न सरकणं, त्यामुळे आत साचणारी घाण, तंबाखू आणि एचपीव्ही विषाणू.

मग तुकडा खोलातूनच का काढायचा? वरवर खरवडलं तर कॅन्सर आहे का एवढं कदाचित कळेल, पण तो किती आत शिरलाय ते कळत नाही. म्हणून जागा बधिर करून जखमेच्या कडेचा, खालच्या थरापर्यंतचा छोटा तुकडा घेतात. गरज पडली तर एखाद-दोन टाके पडतात. कातडी मागे सरकतच नसेल, तर आधी ती कापून मोकळी करावी लागते.

तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरतो, ही भीती खोटी आहे. उलट लवकर कळलं तर बऱ्याचदा तेवढाच भाग काढून लिंग वाचवता येतं. उशीर झाला तर लिंग गमवावं लागू शकतं, गाठी जांघेत उतरतात.

जालन्याहून साधारण ६० किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरात शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही, तर मलम बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा.