तहाविना परतलेला वकील

जहांगीर बादशहाने आपल्या कारकीर्दीचा वृत्तान्त मोठ्या आवडीने लिहून ठेवला आहे. पशुपक्षी, फळे, शिकारी, चित्रे, दरबारात आलेले नजराणे यांच्या नोंदी त्यात पानोपानी आढळतात. सुमारे तीन वर्षे त्याच्या दरबारात वावरलेल्या इंग्लंडच्या राजदूताचा उल्लेख मात्र त्यात नाही. सर टॉमस रो हे नाव आपल्याकडे शालेय इतिहासात हटकून येते, आणि इंग्रजी सत्तेची पूर्वतयारी करणारा पुरुष अशाच थाटात येते. बादशहाच्या लेखी त्याचे स्थान काय होते, हे या मौनावरून कळते. दोन दूरस्थ देशांचे संबंध कशावर उभे राहतात, याचा विचार करणाऱ्याने या मौनापासूनच आरंभ करावा.

रोचा जन्म १५८१ च्या सुमाराचा. त्याचे आजोबा लंडनचे महापौर होते. तेव्हा व्यापार आणि राजकारण ही दोन्ही त्याला घरातूनच परिचित होती. १६०५ मध्ये त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली, १६१० मध्ये तो ॲमेझॉनच्या मुखापर्यंत जाऊन आला आणि १६१४ मध्ये पार्लमेंटचा सभासद झाला. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन होऊन तेव्हा अवघी चौदा वर्षे लोटली होती. कंपनीचा हॉकिन्स १६०८ मध्ये सुरतेस उतरला व पुढे आग्र्याला जाऊन राहिला; परंतु टिकाऊ असे काही त्याच्या हाती लागले नाही. म्हणून १६१५ मध्ये रोची निवड झाली. नेमणूक राजा पहिला जेम्स याची, तर सालीना सहाशे पौंडांचे वेतन कंपनीचे, अशी ही व्यवस्था होती.

सप्टेंबर १६१५ मध्ये रो सुरतेस पोहोचला. तेथील अंमलदारांशी सामानाच्या झडतीवरून त्याचे खटके उडाले. बऱ्हाणपूरला शाहजादा परवीझची भेट घेऊन जानेवारी १६१६ मध्ये तो अजमेरला बादशहासमोर उभा राहिला. त्याला फारसी येत नव्हती. सर्व बोलणे दुभाष्यामार्फत चाले. साष्टांग कुर्निसात करण्याचे त्याने नाकारले आणि जहांगीरनेही त्याचा आग्रह धरला नाही. दोघांचे बरे जमले. पुढे छावणीमागोमाग रो मांडू व अहमदाबाद येथे हिंडला. परंतु दोन राजांमध्ये समान पातळीवर कायमचा तह व्हावा, ही त्याची मुख्य मागणी अखेरपर्यंत मान्य झाली नाही.

याचे कारण रोच्या अंगच्या गुणदोषांत शोधण्यात अर्थ नाही. ते व्यापाराच्या स्वरूपात होते. लंडनला गुजरातचे सुती कापड हवे होते, बयान्याची नीळ हवी होती. उलट इंग्लंडपाशी विकण्याजोगे मुख्यतः जाड लोकरी कापड होते आणि उष्ण प्रदेशात त्याला गिऱ्हाईक थोडे. रोने नजर केलेल्या घोडागाडीची हुबेहूब नक्कल बादशहाच्या कारागिरांनी तयार केली. त्याने दाखविलेल्या एका चित्राच्या प्रती दरबारी चित्रकारांनी अशा उतरविल्या की मूळ चित्र कोणते हे ओळखताना तो स्वतःच गोंधळला. तेव्हा मालाची किंमत चांदीत मोजण्यावाचून कंपनीला गत्यंतर नव्हते. देशातील चांदी परदेशी चालली म्हणून लंडनमध्ये ओरड झाली व कंपनीचा एक संचालक टॉमस मन याला १६२१ मध्ये पुस्तक लिहून या व्यापाराचे समर्थन करावे लागले. ज्याला आपल्याकडून काहीच नको, त्याच्याशी तह करायचा तो कशाच्या बळावर?

इंग्रजांपाशी एकच पुंजी होती आणि ती समुद्रावर होती. मोगलांचे भूदल प्रचंड होते, पण तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या यात्रेकरूंच्या व व्यापाऱ्यांच्या जहाजांना संरक्षण देईल असे आरमार नव्हते. १६१२ मध्ये सुरतेजवळ सुवाळी येथे इंग्रजांनी पोर्तुगीजांना नमविले, त्याची दखल दरबारी घेतली गेली होती. रोने हे मर्म ओळखले. १६१८ मध्ये शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, याच्याकडून सुरतेतील व्यापाराच्या सवलती त्याने मिळविल्या, त्याही बंधनांसह. १६१९ च्या आरंभी तो मायदेशी निघाला. पुढे कॉन्स्टँटिनोपलला त्याने सात वर्षे वकिली केली, १६२९ मध्ये स्वीडन व पोलंड यांच्यात युद्धबंदी घडवून आणण्यास साहाय्य केले आणि १६४४ मध्ये त्याचे निधन झाले.

त्याने मागे ठेवलेली मोलाची गोष्ट म्हणजे कंपनीला दिलेला सल्ला. किल्ले बांधू नका, फौजा बाळगू नका. पोर्तुगीजांचा नफा त्यांच्या शिबंदीनेच खाल्ला. नफा हवा असेल तर तो समुद्रावर आणि शांततेच्या व्यापारात शोधा, असा त्याचा आशय होता. रो हयात असतानाच, १६४० मध्ये, मद्रासला कंपनीच्या किल्ल्याचे काम सुरू झाले. पुढे १७५७ मध्ये प्लासी झाली आणि १७६५ मध्ये बंगालची दिवाणी कंपनीच्या हाती आली. मग बंगालच्या रयतेकडून वसूल केलेल्या साऱ्यातूनच बंगालचा माल खरेदी होऊ लागला. इंग्लंडहून चांदी आणण्याची गरज फारशी उरली नाही. हा व्यवहार वहीखात्यात ‘खरेदी’ म्हणूनच नोंदला जाई. तो वस्तुतः काय होता, याचा हिशेब दादाभाई नौरोजींनी पुढे एका शतकानंतर मांडला.

रो अयशस्वी ठरला असे इतिहासकार म्हणतात व ते खरेही आहे. मात्र त्याच्या काळी विणकराला कापडाचे दाम मिळत होते, ते घेणाऱ्याच्या खिशातून मिळत होते आणि सौदा न पटल्यास नकार देण्याची मुभा विकणाऱ्याला होती. देशादेशांतील करारांचे मोल ठरविताना कागदावरच्या कलमांइतकीच ही मुभा कोणापाशी आहे, तेही तपासून पाहिले पाहिजे. तह न करताही ती १६१९ मध्ये आपल्यापाशी होती. १७६५ मध्ये दिवाणीच्या सनदेवर रीतसर शिक्कामोर्तब झाले आणि ती गेली.