कवटीच्या भिंतीपलीकडे पाहणारा अभियंता

- प्रतिनिधी

पावसाळ्याच्या दिवसांत जव्हार-मोखाड्यातील एखाद्या पाड्यावर कुणी झाडावरून पडून डोक्याला जबर मार लागला, अथवा सकाळी उठताना घरातल्या कर्त्या माणसाचे निम्मे अंग लुळे पडले, की पहिला प्रश्न उभा राहतो तो रस्त्याचा. गाडी जिथवर येते तिथवर रुग्णाला डोलीत घालून न्यायचे, मग मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय किंवा जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय गाठायचे आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर पुढे नाशिकची वा ठाण्याची वाट धरायची, हा या डोंगराळ भागाचा परिपाठ आहे. या साऱ्या धावपळीच्या शेवटी एक तपासणी असते. रुग्णाला एका कड्यासारख्या यंत्रात सरकवले जाते आणि काही क्षणांत त्याच्या मेंदूचे काप पडद्यावर दिसू लागतात. रक्तस्राव झाला आहे की गुठळीने रक्तवाहिनी बंद झाली आहे, कवटी उघडावी लागेल की औषधावर भागेल, याचा निर्णय या चित्रावर होतो. हे यंत्र म्हणजे सीटी स्कॅन होय.

शहरातील वाचकाला हा शब्द आता नवा राहिलेला नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तो सहज लिहिला जातो आणि कोपऱ्यावरच्या केंद्रात तासाभरात अहवालही मिळतो. मात्र ज्या माणसाने हे यंत्र जगाला दिले, त्याचे नाव फारच थोड्यांना ठाऊक असते. तो डॉक्टर नव्हता, प्राध्यापक नव्हता आणि विद्यापीठाची पदवीही त्याच्यापाशी नव्हती. त्याचे नाव गॉडफ्री न्यूबोल्ड हाउन्सफील्ड.

शेतावरचे बालपण

हाउन्सफील्ड यांचा जन्म २८ ऑगस्ट १९१९ रोजी इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यात झाला. वडिलांची शेती होती आणि पाच भावंडांत गॉडफ्री सर्वांत धाकटे. आजूबाजूला गावकीची वर्दळ नव्हती, सोबतीला समवयस्क मुले नव्हती. त्यामुळे या मुलाचा जीव रमला तो शेतावरच्या यंत्रांत. मळणीयंत्र कसे चालते, वीज निर्माण करणारे जनित्र कसे फिरते, हे पाहण्यात त्याचे दिवसच्या दिवस जात. पुढे स्वतःचे प्रयोग सुरू झाले. ध्वनिमुद्रणाची विद्युत यंत्रे त्याने घरीच जुळवली. स्वतः बनवलेल्या ग्लायडरसह गवताच्या गंजीवरून उडी घेण्याचा उद्योगही त्याने करून पाहिला. डांबराच्या रिकाम्या पिंपात पाणी आणि ॲसिटिलीन वायू भरून ते पिंप आकाशात किती उंच जाते, हे पाहण्याचा प्रयोग तर जिवावर बेतला असता.

शाळेत मात्र या मुलाची चमक दिसली नाही. भौतिकशास्त्र आणि गणित सोडले, तर अन्य विषयांत त्याचे मन लागत नसे. दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि हाउन्सफील्ड हवाई दलात दाखल झाले. तेथे त्यांना रडारचे काम शिकायला मिळाले आणि लवकरच ते इतरांना शिकवूही लागले. त्यांची हुशारी एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या नजरेत भरली. त्या अधिकाऱ्याच्या शब्दामुळे युद्धानंतर शिक्षणासाठी अनुदान मिळाले आणि लंडनच्या फॅरेडे हाउस या संस्थेतून त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली. औपचारिक शिक्षण म्हणावे ते एवढेच.

१९५१ मध्ये ते हेझ येथील ईएमआय कंपनीत रुजू झाले. ही कंपनी जगाला ग्रामोफोन तबकड्यांमुळे आणि पुढे बीटल्सच्या गाण्यांमुळे माहीत झाली, तरी तिच्या प्रयोगशाळांत रडार, क्षेपणास्त्रे आणि संगणक यांवरही काम चाले. १९५८ च्या सुमारास ब्रिटनमधील संपूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या पहिल्या काही संगणकांपैकी एक, ‘एमिडेक ११००’, हाउन्सफील्ड यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला. त्यानंतर हाती घेतलेला संगणकाच्या स्मृतीसंबंधीचा प्रकल्प मात्र व्यापारी दृष्ट्या परवडणारा नाही म्हणून गुंडाळण्यात आला. दुसरे काम लगेच न सोपवता, पुढे काय करता येईल याचा विचार करण्यास कंपनीने त्यांना मोकळीक दिली. या मोकळ्या वेळाने वैद्यकशास्त्राचा इतिहास बदलला.

अंधारातील मेंदू

त्या काळी मेंदूच्या निदानाची अवस्था काय होती, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत विल्हेल्म रॉन्टगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि मोडलेले हाड डोळ्यांना दिसू लागले. परंतु मेंदू हा मऊ अवयव जाड कवटीच्या आड दडलेला. साध्या क्ष-किरण चित्रात कवटी ठसठशीत उमटे आणि आतला मेंदू जवळजवळ अदृश्यच राही. त्यावर उपाय म्हणून अमेरिकेतील शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९१९ मध्ये पाठीच्या कण्यातून हवा आत सोडून मेंदूतील पोकळ्यांचे चित्र घेण्याची पद्धत मांडली. रुग्णाला तीव्र डोकेदुखी आणि उलट्यांचा त्रास सोसावा लागे. १९२७ मध्ये पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी रक्तवाहिन्यांत द्रव्य सोडून त्यांचे जाळे चित्रित केले. त्यातूनही गाठीचा अंदाज बांधता येई तो आडवळणाने, रक्तवाहिन्या कुठे सरकल्या आहेत यावरून. मेंदू प्रत्यक्ष दिसत नसे तो नसेच.

हाउन्सफील्ड यांनी १९६७ मध्ये प्रश्न वेगळ्या तऱ्हेने मांडला. एखाद्या बंद पेटीच्या आत काय आहे, हे तिच्यातून सर्व दिशांनी किरण पाठवून कळू शकेल काय? कल्पना सोपी करून सांगायची, तर भाताच्या खाचरांचा एक मोठा चौकोन डोळ्यांसमोर आणावा. प्रत्येक खाचरात किती भात आहे हे ठाऊक नाही, मात्र आडव्या, उभ्या आणि तिरक्या प्रत्येक ओळीतील एकूण भात किती, हे ठाऊक आहे. अशा ओळी पुरेशा संख्येने मोजल्या, तर गणिताने प्रत्येक खाचरातील भात काढता येतो. मेंदूच्या एका पातळ कापाचे असेच हजारो चौकोन कल्पायचे, सर्व कोनांतून क्ष-किरण पाठवून प्रत्येक किरण किती क्षीण झाला ते मोजायचे आणि संगणकाकरवी प्रत्येक चौकोनाची घनता काढायची. हाती येते ते कापाचे चित्र.

या गणिताकडे अन्य काहींचेही लक्ष गेले होते. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ ॲलन कॉरमॅक यांनी १९६३ आणि १९६४ मध्ये त्यावर दोन निबंध प्रसिद्ध केले होते, पण त्यांची दखल जवळजवळ कुणी घेतली नव्हती. हाउन्सफील्ड यांनाही ते ठाऊक नव्हते. आपल्या जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी १९७१ मध्ये चित्राची पुनर्रचना जलद करणारी गणिती रीत मांडली. त्या दोघांच्या नावांवरून ‘राम-लक’ म्हणून ओळखली जाणारी गाळणी सीटी स्कॅनच्या अभ्यासक्रमात आजही शिकवली जाते.

नऊ दिवसांचे एक चित्र

प्रयोगाची सुरुवात अगदी साधी होती. एका जुन्या लेथच्या पाटावर किरणोत्सारी स्रोत आणि मोजयंत्र बसवण्यात आले. स्रोत दुबळा असल्याने एका चित्रासाठी सुमारे २८ हजार नोंदी घेण्यास नऊ दिवस लागले आणि संगणकाने हिशेब पूर्ण करण्यास आणखी अडीच तास. पुढे क्ष-किरण नळी बसवल्यावर नऊ दिवसांचे नऊ तास झाले.

प्रयोगासाठी प्रथम संग्रहालयात जपलेला मानवी मेंदू वापरण्यात आला. चित्र अपेक्षेपेक्षाही सुरेख आले आणि सर्वांना आनंद झाला. तो फार टिकला नाही. मेंदू टिकवण्यासाठी वापरलेल्या फॉर्मलिनमुळे फरक आहे त्याहून ठळक दिसत असल्याचे लक्षात आले. मग हाउन्सफील्ड कत्तलखान्यातून बैलाचे ताजे मेंदू आणू लागले. डोक्यावर घाव घातलेल्या जनावराच्या मेंदूत रक्तस्राव झालेला असे, म्हणून ज्यू धर्मीयांच्या पद्धतीने जनावर कापणाऱ्या ठिकाणाहून ते मिळवावे लागत. हे ओझे घेऊन ते लंडनच्या सार्वजनिक वाहनांतून प्रवास करीत.

बीटल्सच्या तबकड्यांच्या पैशांवर सीटी स्कॅन उभे राहिले, अशी एक आख्यायिका नेहमी सांगितली जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. कंपनीने सुरुवातीला हात आखडता घेतला होता आणि प्रकल्पाच्या खर्चाचा मोठा भार ब्रिटिश सरकारच्या आरोग्य खात्याने उचलला. सार्वजनिक पैसा योग्य जागी लागला, तर काय घडू शकते, याचे हे उदाहरण म्हणायला हवे.

आरोग्य खात्याच्याच मध्यस्थीने हाउन्सफील्ड यांची गाठ लंडनजवळच्या विम्बल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयातील क्ष-किरणतज्ज्ञ जेम्स ॲम्ब्रोज यांच्याशी पडली. पहिले यंत्र त्या रुग्णालयात बसवण्यात आले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी मेंदूच्या पुढील भागात गाठ असल्याची शंका असलेल्या एका महिलेची तपासणी झाली. यंत्रासोबत पुरेसा समर्थ संगणक नसल्याने नोंदींची चुंबकीय फीत शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवावी लागली. दोन दिवसांनी चित्र परत आले ते केवळ ८० गुणिले ८० चौकोनांचे. आजच्या नजरेला ते ओबडधोबड वाटेल. पण त्यात डाव्या बाजूची गाठ स्वच्छ दिसत होती. शल्यविशारदाने कवटी उघडली, तेव्हा गाठ चित्रात होती तशीच आणि तिथेच सापडली. कवटीला हात न लावता जिवंत माणसाचा मेंदू मानवाने प्रथमच पाहिला होता.

सन्मान आणि साधेपण

एप्रिल १९७२ मध्ये लंडनमधील क्ष-किरणतज्ज्ञांच्या परिषदेत हे काम जाहीर झाले आणि पुढील वर्षीच अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये यंत्र पोहोचले. थोड्याच वर्षांत संपूर्ण शरीराचे स्कॅन शक्य झाले. मेंदूच्या संशोधनालाही नवी दृष्टी लाभली. १९७६ मध्ये ब्रिटनमधील ईव्ह जॉनस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनच्या आधारे, दीर्घकाळ स्किझोफ्रेनिया असलेल्या रुग्णांच्या मेंदूतील पोकळ्या मोठ्या झालेल्या असतात, असे दाखवले. मनाचा म्हणून बाजूला सारलेल्या आजाराची खूण मेंदूत दिसली. वेड, बाधा, करणी अशा शब्दांत अडकलेल्या असंख्य कुटुंबांच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट होती.

१९७५ मध्ये हाउन्सफील्ड रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना आणि कॉरमॅक यांना विभागून देण्यात आले. विशेष म्हणजे दोघांपैकी कुणीही वैद्यकाचे शिक्षण घेतले नव्हते आणि दोघांकडेही डॉक्टरेट नव्हती. १९८१ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. ऊतींची घनता मोजण्याच्या एककाला त्यांचे नाव देण्यात आले. पाण्याचे मूल्य शून्य आणि हवेचे उणे एक हजार असलेली ‘हाउन्सफील्ड एकके’ जगातील प्रत्येक सीटी स्कॅनमध्ये वापरली जातात.

या साऱ्याने त्यांचे राहणीमान बदलले नाही. ते अविवाहित राहिले आणि आयुष्याचा मोठा काळ स्वतःच्या पक्क्या घराशिवाय काढला. डोंगरात पायी भटकणे आणि पियानो वाजवणे हे त्यांचे विरंगुळे होते. नोबेलच्या पैशांतून त्यांनी घरातील दिवाणखान्यात छोटी प्रयोगशाळा थाटली. निवृत्तीनंतरही ते रुग्णालयांना सल्ला देत राहिले. १२ ऑगस्ट २००४ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

उरलेले अंतर

सीटी स्कॅनमुळे साध्या क्ष-किरण चित्रापेक्षा कितीतरी अधिक किरणोत्सर्ग शरीराला सोसावा लागतो, तेव्हा हौसेने किंवा धास्तीपोटी ते करून घेऊ नये, हे शहरी वाचकाने लक्षात ठेवावे. मात्र जिथे त्याची गरज असते, तिथे ते वेळेवरच व्हावे लागते. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री केल्याशिवाय ते देता येत नाही. रक्तस्राव असताना तेच औषध जीव घेऊ शकते. ही खात्री देते ते स्कॅन.

एका चित्रासाठी लागणारे नऊ दिवस हाउन्सफील्ड यांनी नऊ तासांवर आणि मग काही मिनिटांवर आणले. त्यांच्या मागून आलेल्या अभियंत्यांनी ते काही सेकंदांवर आणून ठेवले. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरील रुग्णाचे साडेचार तास मात्र आजही यंत्रात खर्ची पडत नाहीत. ते डोलीत, ओढ्याच्या काठी गाडीची वाट पाहण्यात आणि घाटातील वळणांवर सरतात. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या या अभियंत्याने आपल्या वाटचे अंतर कापले. पाड्यापासून यंत्रापर्यंतचे अंतर कापण्याचे काम कुणा शास्त्रज्ञाचे नाही. ते शासनाचे आणि समाजाचे आहे, आणि ते अजून पुरे व्हायचे आहे.