भाषा सोडून मायक्रोस्कोपकडे

कँटीनमध्ये चिकन रोल खाताना तुमच्या डोक्यात कोंबडीच्या आतड्याचा विचार येत नाही, आणि यायलाही नको. पण ओळखीत कुणाची पोल्ट्री असेल, तर त्याला एकदा ‘रक्ती हगवण’ म्हणजे काय ते विचारा. काही आठवड्यांची पिल्लं पंख पाडून कोपऱ्यात बसतात, विष्ठेत रक्त दिसतं आणि बघता बघता शेडमध्ये मरतूक सुरू होते. हे काम आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीचं. तो डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचं अख्खं आयुष्य कसं चालतं हे आज आपल्याला टप्प्याटप्प्याने माहीत आहे. ते ज्यांच्यामुळे कळलं त्यातलं एक मोठं नाव म्हणजे फ्रिट्झ शाउडिन. मायक्रोबायोलॉजीवाल्यांनी हे नाव परीक्षेपुरतं पाठ केलं असेल. बाकीच्यांनी त्याची गोष्ट ऐकाच, कारण ती स्ट्रीम बदलणाऱ्या एका पोराची आहे.

फ्रिट्झचा जन्म १८७१ चा, तेव्हाच्या पूर्व प्रशियातला. तो भाग आता रशियात आहे. बर्लिन विद्यापीठात त्याने प्रवेश घेतला तो भाषा शिकायला. पण मध्येच त्याचं मन प्राणिशास्त्रात अडकलं आणि त्याने सरळ विषय बदलला. आपल्याकडे आर्ट्समधून सायन्सला जायचं म्हटलं, तर घरापासून ऑफिसच्या खिडकीपर्यंत सगळे कपाळाला हात लावतील. त्याने मात्र १८९४ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या आसपास, समुद्रातल्या एकपेशीय जिवांवर डॉक्टरेटही मिळवली. म्हणजे साधारण आपल्याच वयाचा होता तो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. त्या काळात कॉक्सिडिया, म्हणजे आयमेरियाचं सगळं खानदान, हे एक कोडं होतं. एकाच आतड्यात कधी गोल गाठी दिसायच्या, कधी चंद्रकोरीसारखे बारीक जीव, कधी जाड कवचाच्या अंड्यांसारखं काहीतरी. हे वेगवेगळे जीव आहेत की एकाच जिवाची वेगवेगळी रूपं? शाउडिनने आधी मिखाल सिएद्लेत्स्की या पोलिश मित्राबरोबर १८९७ मध्ये यावर लिहिलं. मग दगडाखाली राहणाऱ्या गोमेच्या आतड्यातला परजीवी घेऊन तो एकटा भिडला. १९०० मध्ये त्याचा मोठा प्रबंध आला आणि सगळी रूपं एका साखळीत बसली.

ती साखळी कोंबडीच्या भाषेत सांगते. विष्ठेतून जाड कवचाचं ‘अंडं’, म्हणजे ऊओसिस्ट, बाहेर पडतं. ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ते पिकतं आणि त्याच्या आत आठ बारीक जीव तयार होतात. पिल्लू दाण्याबरोबर ते टिपतं. कवच फुटतं, आतले जीव आतड्याच्या पेशींत घुसतात, एकाचे अनेक होतात, पेशी फोडून बाहेर येतात आणि पुढच्या पेशी धरतात. रक्त येतं ते या फोडाफोडीमुळे. काही फेऱ्यांनंतर नर-मादी रूपं तयार होतात, त्यांचं मीलन होतं आणि नवी ऊओसिस्ट विष्ठेतून पुन्हा लिटरमध्ये येतात. पोल्ट्रीवाला तूस खालीवर करून कोरडं ठेवण्यासाठी इतका का झटतो, ते आता कळलं? ओल नसेल तर साखळी तिथेच तुटते.

पुढे हार्वर्डच्या अर्नेस्ट टिझरने १९२९ मध्ये दाखवून दिलं की कोंबडीत आयमेरियाच्या अनेक जाती असतात आणि प्रत्येकीची आतड्यातली जागा वेगळी. पण साखळीचा नकाशा आधीच हातात होता. मलेरियाच्या परजीवीचं चक्रही बरंचसं याच धर्तीचं निघालं, त्यामुळे शाउडिनचं नाव चांगलंच गाजलं.

१९०१ मध्ये तो एड्रियाटिक समुद्राकाठच्या रोव्हिन्योला संशोधन केंद्र सांभाळायला गेला. तिथे त्याने आमांश करणाऱ्या अमिबाला नाव दिलं, एंटअमिबा हिस्टोलिटिका. ते आजही तेच आहे. आणि हा पठ्ठ्या स्वतःच्याच पोटावर अमिबाचे प्रयोग करत होता! मग १९०५ चा मार्च. बर्लिनमध्ये एरिक हॉफमन या डॉक्टरबरोबर काम करताना त्याला एका रुग्णाच्या नमुन्यात फिकट, मळसूत्रासारखा वळवळणारा जीव दिसला. तो सिफिलिसचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला गरमी म्हणायचे त्या रोगाचा जंतू होता. याआधी इतक्यांनी असे खोटे दावे केले होते की सुरुवातीला बर्लिनच्या मोठ्या डॉक्टरांनीही नाकं मुरडली. पण या वेळी शाउडिन बरोबर होता.

प्रत्येक वेळी मात्र तो बरोबर नव्हता. गोष्टीचा हा भाग आपण सहसा गाळतो. मलेरियाचा डास चावला की त्याने सोडलेले जीव थेट रक्तातल्या लाल पेशीत घुसतात आणि आपण ते स्वतः पाहिलं, असं त्याने जाहीर केलं होतं. नाव एवढं मोठं की बहुतेकांनी मान डोलावली. इतरांना ते दिसेना, तरी गोष्ट पुस्तकांत टिकून राहिली. १९३७ मध्ये जेम्स आणि टेट यांनी कोंबड्यांच्या मलेरियात दाखवलं की परजीवी रक्तपेशींच्या बाहेरही वाढतो. १९४८ मध्ये शॉर्ट आणि गार्नहॅम यांना माकडाच्या यकृतात तो लपलेला टप्पा सापडला. एका हुशार माणसाचं चुकीचं वाक्य तोवर चाळीसहून जास्त वर्षं वाट अडवून बसलं होतं.

ते चुकीचं ठरलेलं पाहायला शाउडिन उरला नव्हता. १९०६ च्या वसंतात तो लिस्बनच्या वैद्यकीय परिषदेला गेला. परतताना बोटीवरच तब्येत इतकी बिघडली की तिथेच तातडीचं ऑपरेशन करावं लागलं. २२ जून १९०६ रोजी हॅम्बुर्गमध्ये तो गेला. वय फक्त ३४. त्याला अमिबाच्या संसर्गाने नेलं आणि मूळ त्या स्वतःवरच्या प्रयोगांत होतं, असं म्हणतात.

तेव्हा पुढच्या प्रॅक्टिकलला मायक्रोस्कोपमध्ये पुस्तकातल्या आकृतीसारखं काही दिसलं नाही, तर शेजाऱ्याच्या जर्नलमधून चित्र उतरवायच्या आधी जरा थांबा. स्लाइड पुन्हा बघा, सरांनाही बघायला लावा. आकृतीही चुकलेली असू शकते, अगदी ती शाउडिनची असली तरी.