प्राध्यापक शंकर पुरुषोत्तम आघारकर

विद्यार्थिमित्रहो, पावसाळ्यात सीताबर्डीच्या रस्त्यांवरून शाळेस येताना जो काळा चिखल तुमच्या पायांस लागतो, त्याचा तुम्हांस कंटाळा येत असेल. घरी गेल्यावर त्यापायी आईची बोलणीही खावी लागत असतील. परंतु असाच चिखल व असेच डबक्याचे पाणी हा ज्ञानाचा मोठा ठेवा आहे, हे ओळखणारी माणसे आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली. त्यांपैकी एकाचे चरित्र आम्ही यंदा तुमच्यापुढे ठेवीत आहो.

प्रथम नावासंबंधी थोडा खुलासा केला पाहिजे. आघारकर हे नाव ऐकताच पुष्कळांस थोर समाजसुधारक आगरकर आठवतात. ते निराळे व हे निराळे. गंमत अशी की, आमच्या चरित्रनायकांचे नाव धारण करणारी पुण्याची संशोधन संस्था ज्या रस्त्यावर उभी आहे, त्यास गोपाळ गणेश आगरकर यांचेच नाव आहे! त्यामुळे ह्या घोटाळ्यात भरच पडते.

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी कोकणात मालवण येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी उच्च शिक्षण घेतले व पुढे तेथेच ते जीवशास्त्र शिकवू लागले. त्या काळी ह्या विषयाची पुस्तके बहुधा विलायतेत लिहिलेली असत. आघारकरांचे लक्ष मात्र पुस्तकाबरोबर सह्याद्रीतील झाडेझुडपे व प्राणी यांच्याकडेही होते. सातारा जिल्ह्यातील नद्यांच्या गोड्या पाण्यात त्यांस एक इवलासा, पारदर्शक, छत्रीच्या आकाराचा प्राणी आढळला. समुद्रात ज्यास जेलीफिश म्हणतात, त्याच्याच कुळातला हा प्राणी. ह्याची जात तोवर केवळ आफ्रिकेतच आहे अशी पंडितांची समजूत होती. कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममधील डॉ. अॅनंडेल यांनी १९११ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले व त्यास लिम्नोक्निडा इंडिका असे नाव मिळाले. त्या नद्यांच्या काठी पिढ्यान् पिढ्या माणसे राहात होती, गुरे पाणी पीत होती. प्राणी तेथेच होता. नव्हती ती केवळ जिज्ञासा.

पुढे कलकत्ता विद्यापीठात, दानशूर रासबिहारी घोष यांच्या देणगीतून निर्माण झालेल्या वनस्पतिशास्त्राच्या अध्यासनावर १९१४ साली आघारकरांची नेमणूक झाली. अधिक अभ्यासाकरिता ते जर्मनीस गेले, तोच पहिले महायुद्ध पेटले. ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन म्हणून ते शत्रुपक्षाचे ठरले व त्यांस तेथे अटकेत राहावे लागले. घर दूर, युद्ध केव्हा संपेल याचा भरवसा नाही, अशा स्थितीत पुष्कळांची हिंमत खचली असती. आघारकरांनी अभ्यास सोडला नाही. बर्लिन विद्यापीठाची पीएच.डी. पदवी त्यांनी मिळविली. हिंदुस्थानच्या वायव्य भागातील कोरड्या व खाऱ्या जमिनीवरील वनस्पती मूळच्या कोठल्या व त्यांचा प्रसार कोणत्या साधनांनी होतो, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. तो १९२० साली छापला गेला. इतर ज्यास उजाड रान म्हणून सोडून देतील, तेथेही त्यांस विचारण्यासारखे प्रश्न दिसले.

स्वदेशी परतल्यावर १९४६ पर्यंत त्यांनी कलकत्त्यास अध्यापन केले. त्या शहरात डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली स्थापन केलेली विज्ञानसंस्था होती. रामन यांचे जगप्रसिद्ध संशोधन तेथेच झाले. तशी संस्था महाराष्ट्रातही असावी, ह्या हेतूने १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली व आघारकर तिचे पहिले संचालक झाले. तेव्हा त्यांचे वय बासष्टीच्या घरात होते. ज्या वयात माणसे विश्रांतीचा विचार करितात, त्या वयात त्यांनी नव्या कामाचा पाया घातला आणि २ सप्टेंबर १९६० रोजी मृत्यू येईपर्यंत त्याच कामाची धुरा वाहिली. १९९२ साली संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. शेतकरी पालकांनी सोयाबीनच्या काही वाणांच्या नावांत एमएसीएस अशी अक्षरे वाचली असतील. ती ह्याच विज्ञानवर्धिनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे होत.

आता त्यांच्या पश्चात तेथे चाललेल्या एका कामाची हकीकत सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही. भंडारा-गोंदियाकडील मुलांनी धानाच्या बांध्या पाहिल्याच आहेत. साचलेल्या पाण्याखाली, जेथे हवा पोहोचत नाही अशा चिखलात, मिथेन नावाचा वायू तयार होतो. तो वातावरणात गेला म्हणजे पृथ्वीची उष्णता वाढवितो. परंतु त्याच चिखलात, धानाच्या मुळांपाशी, काही सूक्ष्म जंतू असे आहेत की मिथेन हेच त्यांचे अन्न! पुष्कळसा वायू बाहेर पडण्यापूर्वीच ते फस्त करितात. आघारकर संस्थेतील संशोधकांनी महाराष्ट्रातील भातशेतांतून असे जंतू वेगळे काढले. त्यांतील एकाचा आकार काकडीसारखा दिसल्यावरून त्यास मिथायलोक्युक्युमिस हे नाव दिले व त्याच्या जीनोमचे वाचन केले.

जीनोम म्हणजे काय? प्रत्येक जीवाच्या पेशीत त्याच्या घडणीची जणू एक पोथीच असते. ती केवळ चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली असून, त्या अक्षरांचा क्रम लावणे म्हणजे जीनोम वाचणे होय. जंतूची अशी संपूर्ण पोथी प्रथम १९९५ साली वाचली गेली. तो जंतू रोगकारक होता व त्याची अक्षरे सुमारे १८ लाख भरली. मग उपकारक जंतूंचीही पाळी आली. सोयाबीनच्या मुळांवरील गाठींत राहून हवेतील नायट्रोजन पिकास पुरविणाऱ्या जंतूची सुमारे ९१ लाख अक्षरे २००२ साली जपानात वाचण्यात आली. अशा वाचनाने जंतू काय खातो, कोणते पदार्थ बनवितो, कशा जागी तग धरितो याचा अंदाज बांधता येतो. मात्र तो खरा की खोटा हे प्रयोगशाळेत जंतू वाढवूनच ठरवावे लागते. आपल्या नागपुरातही, १९५८ साली स्थापन झालेल्या व आज नीरी ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जंतूंचे असे वाचन झाले आहे. ज्या घाणीस पाहून आपण नाक दाबतो, तीत आपले सेवकही आहेत.

आघारकरांनी यांपैकी काहीच पाहिले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर पहिल्या जंतूची पोथी वाचली जाण्यास ३५ वर्षे लोटली. परंतु नदीच्या पाण्यात वाकून पाहणाऱ्या त्या तरुण शिक्षकाची दृष्टी व चिखलातील जंतू शोधणाऱ्यांची दृष्टी एकच आहे, असे आम्हांस वाटते. लावणाऱ्याच्या पश्चात झाड फळास आले, एवढेच.

पालकांस आमची एक विनंती आहे. उद्या तुमच्या मुलाने अंबाझरी तलावाचे पाणी बाटलीत भरून घरी आणिले, तर त्यास हात स्वच्छ धुण्यास अवश्य सांगा; पण ती बाटली लगेच ओतून देऊ नका. त्यात त्यास काय दिसले, हे आधी विचारा.