एका गुणासाठी भांडलेले खाशाबा

पेपर रिचेकिंगला टाकायचा की नाही यावर हॉस्टेलमध्ये दर सेमिस्टरला खल होतो. एका मार्काची किंमत आपल्याला कोणी सांगायला नको! पण एका गुणासाठी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागणारा माणूस पुण्याशेजारच्या सातारा जिल्ह्यातला होता. खाशाबा दादासाहेब जाधव.

जन्म १५ जानेवारी १९२६, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडीलच पैलवान, त्यामुळे कुस्ती घरातच. अंगकाठी लहान, पण चपळाई अशी की समोरच्याला डाव कळेपर्यंत तो आडवा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले.

खरी गोची होती ती नियमांची. गावच्या मातीत पाठ टेकली की निकाल लागला, सगळं मैदान साक्षीला. मॅटवर मात्र कोणीच चितपट झालं नाही तर पंच ठरवणार कोण जिंकलं. आणि पंच म्हटला की वाद आलाच. वेटलिफ्टिंगचंच बघा ना! त्यातला 'प्रेस' हा प्रकार १९७२ नंतर काढूनच टाकला, कारण कंबरेतून किती मागे वाकलं की फाऊल, यावर पंचांचं एकमत होईना.

खाशाबांना हा अनुभव हेलसिंकीच्या आधीच आला. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला, अशी त्यांची तक्रार होती. दुसरा कोणी नशिबाला दोष देऊन गप्प बसला असता. यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. ते तेव्हा भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष. निवड चाचणीत संधी मिळाली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला सरळ आडवा केला. आता पंच तरी काय बोलणार?

मग प्रश्न पैशांचा. गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. (प्रिन्सिपल सरांनी हे वाचून घाबरू नये!)

हेलसिंकी, १९५२, बँटमवेट. कॅनडा, मेक्सिको, जर्मनीचे मल्ल हरले. पुढे जपानच्या इशीशी दमछाक करणारी कुस्ती झाली आणि ती हातची गेली. त्यानंतर नियमाप्रमाणे अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती, पण लगेच रशियाच्या मामेदबेयोवसमोर उभं केलं, असं सांगतात. नियम दाखवून भांडायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. मद्रासला निदान दाद मागायला जागा तरी होती. इशीला सुवर्ण, मामेदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक!

कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला २०२४ उजाडलं. ते जिंकणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातला, आणि सराव आपल्या बालेवाडीत. त्याचा खेळ नेमबाजीचा, तिथे गुण यंत्र मोजतं.